औषधांना दाद न देणारा टीबी : बरं होण्याची शक्यता किती आणि ती कशावर ठरते

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाने धाकट्या भावाबद्दल विचारलं आहे. भाऊ ३४ वर्षांचा, बेळगावला उद्यमबागच्या एका फाउंड्रीत कामाला. घरात बायको आणि तीन वर्षांची मुलगी. खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन बघून टीबीच्या नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने गोळ्या खाऊनही फरक पडेना, तेव्हा बेडका तपासला आणि 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स' असा रिपोर्ट हातात आला, म्हणजे रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्या जंतूवर चालत नाही. डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत, दहांतले नऊ बरे होतात. चंदगडचे पाहुणे म्हणतात, यातले निम्मे जातात, दीड-दोन वर्षं औषधं चालतात आणि इंजेक्शनांनी कान जातात. त्यांचे प्रश्न तीन : खरं कुणाचं मानायचं, भावाला मिरजेला किंवा मुंबईला न्यावं का आणि पोरीला काही होईल का.

मी बेळगावात छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे आणि असे पेशंट बरीच वर्षं बघतो आहे. भावाचे कागद माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे त्याच्या गोळ्या ठरवायचं काम त्याच्या डॉक्टरांचंच. पण निकाल कशावर ठरतो आणि त्यातलं घरच्यांच्या हातात किती असतं, एवढं नीट सांगता येईल.

पाहुणे खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाहिलेला काळ वेगळा होता. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही टीबीवरची दोन मुख्य औषधं. दोन्ही चालेनाशी झाली की त्याला एमडीआर टीबी म्हणतात. तुमच्या भावासारखं रिफाम्पिसिन चालत नसेल तरी उपचार एमडीआरसारखाच करतात. त्यावरचा जुना उपचार असा : पहिले सहा ते नऊ महिने कॅनामायसिनचं इंजेक्शन, सोबत मूठभर गोळ्या, मग पुढे दीड वर्ष गोळ्याच. कॅनामायसिनने अनेकांची ऐकण्याची शक्ती कायमची गेली. एथिओनामाइडने मळमळायचं, अन्न बघवत नसे. सायक्लोसेरिनने काहींच्या मनाचा तोल जायचा. एवढं सोसूनही २०१२ च्या सुमारास उपचार सुरू केलेल्यांपैकी जगभरात जेमतेम निम्मेच बरे झाले. आपल्या देशातलं चित्रही त्याहून बरं नव्हतं.

मग बेडाक्विलीन आलं. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. टीबीसाठी चाळीस वर्षांत आलेलं हे पहिलं नवं औषध. जंतू ज्या यंत्रणेवर आपली ऊर्जा तयार करतो, तीच हे औषध बंद पाडतं. भारतात २०१६ पासून मोजक्या केंद्रांत त्याची सुरुवात झाली आणि हळूहळू इंजेक्शनं मागे पडली. आता बेडाक्विलीन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशा चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार आहे. बीपाम म्हणतात तो हाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तो सुचवला आणि केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली. इंजेक्शन एकही नाही. ज्या मोठ्या चाचणीवर ही शिफारस उभी आहे ती बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानात झाली. तिथे या उपचाराने ८९ टक्के पेशंटचा निकाल चांगला लागला, जुन्या पद्धतीच्या उपचाराने ५२ टक्क्यांचा. तुमच्या डॉक्टरांचे 'दहांतले नऊ' तिथून आले आहेत.

या दोन आकड्यांच्या मध्ये आणखी एक आकडा आहे, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. २०२१ मध्ये जगभरात ज्यांचा उपचार सुरू झाला, त्यांच्यापैकी ६८ टक्के यशस्वी ठरले. त्यांतल्या पुष्कळांना जुनी, लांबलचक औषधंच मिळाली होती, त्यामुळे नव्या गोळ्यांनी हा आकडा वाढेल हे नक्की. पण चाचणीत पेशंटची निवड काटेकोर असते, दर आठवड्याला कुणीतरी विचारपूस करतं, उलटी झाली तरी फोन जातो. खेड्यातल्या पेशंटला तेवढं मिळत नाही. म्हणून औषध कितीही उत्तम असलं तरी चाचणीतला निकाल गावात आपोआप उतरत नाही. तो उतरवावा लागतो, आणि तिथे घरच्यांचं काम सुरू होतं.

टीबीच्या कार्यक्रमात प्रत्येक पेशंटच्या नावापुढे शेवटी एक निकाल लिहिला जातो : बरा झाला, उपचार पूर्ण झाला, उपचार फसला, मृत्यू, उपचार मध्येच सुटला, किंवा निकाल कळलाच नाही. लोकांना भीती असते ती 'उपचार फसला' याची, म्हणजे गोळ्या नियमित घेऊनही जंतू न मरण्याची. प्रत्यक्षात त्या रकान्यात माणसं कमी असतात. खरं नुकसान पुढच्या दोन रकान्यांत होतं. काही पेशंट पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दगावतात आणि काही, बरे होत असताना, गोळ्या सोडतात. जंतूने औषधाला हरवलं असं या दोन्हींत झालेलं नसतं. भावाला वाचवायचं म्हणजे त्याला या दोन रकान्यांपासून लांब ठेवायचं.

आधी सुरुवातीच्या महिन्यांबद्दल. लवकर दगावणारे पेशंट बहुतेक करून उशिरा आलेले असतात : वजन ३५-३८ किलो, रक्त कमी, दोन्ही फुप्फुसं पोखरलेली, कधी साखर वाढलेली आणि ती कुणी तपासलेलीच नाही. उशीर का होतो, हे आपल्या भागात सगळ्यांना दिसतं. खोकला आला की मेडिकलमधून औषध आणायचं. त्यात लेव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध असलं की आठ-दहा दिवस बरं वाटतं, कारण ते टीबीच्या जंतूंवरही थोडं चालतं. मग पुन्हा खोकला, पुन्हा तेच. तपासणी लांबते ती लांबतेच, वर हे उपयोगाचं औषधही बोथट होतं. मॉक्सिफ्लॉक्सासिन त्याच कुळातलं आहे, म्हणजे नव्या उपचारातल्या चारांपैकी एक खांब आपण आधीच पोखरून ठेवलेला असतो.

म्हणून भावाच्या बाबतीत पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट विचारा : दुसऱ्या नमुन्याचं काय झालं? सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीन काही तासांत सांगतं की टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का. मॉक्सिफ्लॉक्सासिन चालेल का, हे नेहमीच्या सीबीनॅटवर कळत नाही. त्यासाठी बेडक्याचा दुसरा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो, तिथे लाइन प्रोब नावाची तपासणी होते आणि कल्चर लावतात, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढतात का ते बघतात. कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं. उपचार त्यासाठी अडवून ठेवत नाहीत, पण रिपोर्ट आल्यावर औषधांत बदल करावा लागू शकतो. मॉक्सिफ्लॉक्सासिन चालत नसेल तर ते काढून उरलेल्या तीन औषधांवर उपचार चालवता येतो. माझ्या अनुभवात हा दुसरा रिपोर्ट मागे लागल्याशिवाय हातात पडत नाही. आठवड्याला एकदा आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, संकोच करू नका.

काही वेळा मशीनला जंतू फारच थोडे सापडतात आणि पूर्वी कधीच टीबी न झालेल्या माणसाला 'रेझिस्टन्स' दाखवला जातो. तेव्हा नमुना पुन्हा तपासून खात्री करतात. तुमच्या भावाने दोन महिने नेहमीच्या गोळ्या घेऊनही फरक नाही, तेव्हा त्याचा रिपोर्ट खरा असण्याचीच शक्यता जास्त. देशभरात २०१४ ते २०१६ दरम्यान झालेल्या पाहणीत नव्या पेशंटपैकी २.८४ टक्क्यांना एमडीआर टीबी निघाला आणि आधी उपचार झालेल्यांपैकी ११.६ टक्क्यांना. म्हणजे पहिल्याच वेळेला असा जंतू लागणंही अशक्य नाही. भावाने गोळ्या चुकवल्या असतील म्हणून हे झालं, असं घरात कुणी बोलत असेल तर थांबवा. कुणाच्या तरी खोकल्यातून आधीच तयार झालेला जंतू त्याच्या छातीत गेला असेल.

दरम्यान एक गोष्ट करू नका. चालू गोळ्यांत कुणी एखादंच नवं औषध वाढवून 'बघूया फरक पडतो का' म्हणालं, तर तिथून उठून या. चालेनाशा झालेल्या उपचारात एकच नवं औषध घालणं म्हणजे जंतूला त्या औषधाची सवय लावणं. नवा उपचार सुरू करायचा तर पूर्ण संच एकदम सुरू करायचा.

पहिल्या महिन्यात रक्त, लिव्हर, साखर, एचआयव्ही आणि ईसीजी या तपासण्या होतील. साखर निघाली तर ती आटोक्यात आणणं हा टीबीच्या उपचाराचाच भाग समजा. आणि वजन बघा. झारखंडमध्ये झालेल्या रेशन्स नावाच्या अभ्यासात, जो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, टीबीच्या पेशंटना दरमहा तांदूळ, डाळ, तेल, दूध पावडर अशी शिधा पिशवी दिली. दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. घरच्यांनाही शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. ४० किलोच्या माणसात ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो. खानापूर-चंदगडकडे नाचणी आहे, उकड्या तांदळाची पेज आहे, शेंगा आहेत. त्यात रोज दोन अंडी, वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ, जमेल तेव्हा मासे घाला. महागड्या प्रोटीन पावडरच्या डब्यांची गरज नाही. माझ्याकडे लोक कर्ज काढून ते डबे आणतात आणि घरात डाळ पातळ होते, हे बघून वाईट वाटतं. टीबीच्या पेशंटसाठी सरकारची निक्षय पोषण योजना आहे, तिच्यातून नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये पेशंटच्या बँक खात्यात येतात. खातं आधारला जोडलेलं आहे का, ते पहिल्याच दिवशी बघा, कारण पैसे अडकतात ते बहुतेक तिथेच.

भाऊ फाउंड्रीत आहे म्हणून दोन गोष्टी जास्तीच्या. साच्यांच्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. अशा फुप्फुसात टीबी लवकर शिरतो आणि बरा व्हायला त्रास देतो. त्याने काय काम केलं, किती वर्षं केलं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण एक्स-रे वाचताना त्याचा उपयोग होतो. दुसरी गोष्ट पगाराची. त्याच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जात असेल तर आजारपणाची नेहमीची ९१ दिवसांची मदत आहेच, शिवाय टीबी लांबच्या आजारांच्या यादीत आहे. नोकरीच्या आणि वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील तर पुढे दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. कितीतरी कामगारांना हे ठाऊकच नसतं. ते महिनाभरात पुन्हा भट्टीसमोर उभे राहतात, आणि मग गोळ्या सुटतात.

गोळ्या सुटण्याची वेळ साधारण ठरलेली असते : दुसरा ते चौथा महिना. ताप गेलेला, भूक लागते आहे, वजन भरलंय, लोक म्हणतात 'आता चांगला दिसायला लागलास.' त्याच वेळी औषधांचे त्रास अंगावर यायला लागतात. आजार दिसेनासा होतो आणि औषध तेवढं दिसत राहतं. इथे माणूस दोन दिवस गोळ्या विसरतो, मग आठवडा जातो, मग आरोग्य केंद्रात जायची लाज वाटते.

बेडाक्विलीनच्या बाबतीत मध्येच सोडणं जास्त घातक का, हे भावाला नीट समजावून सांगा. हे औषध अंगातून फार सावकाश बाहेर पडतं. बंद केल्यावरही कित्येक महिने ते थोडंथोडं रक्तात राहतं. बाकीची औषधं मात्र दिवस-दोन दिवसांत निघून जातात. म्हणजे गोळ्या सोडलेल्या माणसाच्या छातीत उरलेले जंतू महिनोन्महिने एकट्या बेडाक्विलीनच्या, तेही कमी मात्रेच्या, सहवासात राहतात आणि त्याला सरावतात. पुन्हा उपचार करायची वेळ आली की आपल्याकडचं सर्वांत चांगलं औषध हातातून गेलेलं असतं. बेडाक्विलीन न चालणारा टीबी दिसू लागला आहे, आणि या क्षेत्रातल्या सगळ्यांना आज तीच धास्ती आहे.

त्रासांपैकी सर्वांत जास्त लक्ष लिनेझोलिडकडे द्या. पूर्वी हे औषध दिवसाला १२०० मिलिग्रॅम देऊन चाचणी झाली, तेव्हा ८१ टक्के पेशंटच्या हातापायांच्या नसांवर परिणाम झाला होता. पुढच्या चाचणीत ६०० मिलिग्रॅम दिलं. त्रास बराच खाली आला आणि बरं होण्याचं प्रमाण ९१ टक्के राहिलं. आता तीच मात्रा देतात. तरीही तळपायांना मुंग्या येणं, आग होणं, चप्पल पायातून सुटल्याचं न कळणं अशी सुरुवात काहींना होते. फाउंड्रीतल्या माणसाचा पाय बधिर झाला तर तापलेल्या धातूचा थेंब पडलेलाही कळणार नाही, म्हणून उपचार संपेपर्यंत त्याला भट्टीजवळचं काम नको. मुंग्या सुरू झाल्या की त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगायचं. ते मात्रा कमी करतात किंवा काही दिवस थांबवतात. लवकर सांगितलं तर नसा बऱ्याच अंशी सावरतात. स्वतःच्या मनाने ती एक गोळी काढून टाकणारे पेशंट मी पाहतो. त्यांना वाटतं, बाकीच्या तर घेतोय. तसं करू नका.

लिनेझोलिडने रक्त कमी होऊ शकतं, ते पहिल्या दोन महिन्यांतच दिसतं, म्हणून रक्ताची तपासणी चुकवू नका. डोळ्यांच्या नसेवरही परिणाम होतो. लाल रंग फिका वाटायला लागला किंवा वाचताना अक्षरं पुसट दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. बेडाक्विलीन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन मिळून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, ईसीजी त्यासाठीच काढतात. त्यात भर घालणारी औषधं आपल्याकडे सहज मिळतात : सर्दीवर अॅझिथ्रोमायसिन, उलटीवर ऑन्डान्सेट्रॉन किंवा डोमपेरिडोन, नायट्यावर फ्लुकोनाझोल. गावातल्या कोणत्याही डॉक्टरकडे जाताना टीबीचं कार्ड खिशात हवं आणि ते तोंड उघडायच्या आधी टेबलावर ठेवायला हवं. बेडाक्विलीन जेवणासोबत घ्यायचं, उपाशीपोटी ते नीट अंगी लागत नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिन मात्र लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा ॲसिडिटीच्या गोळीबरोबर घेऊ नका, मध्ये काही तासांचं अंतर ठेवा.

दारूबद्दल विचारलेलं नाही, पण सांगतो, कारण अर्ध्यावर सुटलेल्या उपचारांत तिचा वाटा मोठा आहे. प्रिटोमॅनिडने लिव्हरला त्रास होऊ शकतो, त्यात दारू पडली तर जास्तच. सहा महिने बंद ठेवणं हेच बरोबर. पण भाऊ पीत असेल तर त्याच्यावर ओरडून तो लपवायला शिकेल, आणि लपवणारा माणूस गोळ्याही लपवून टाकतो. डॉक्टरांना खरं सांगा. सुटण्यासाठी औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळतं.

आता मिरज-मुंबईचं. हीच औषधं, याच मात्रेत, तिथेही देतात आणि ती सरकारी टीबी कार्यक्रमातूनच मोफत मिळतात. मुंबईत राहायचा, खायचा, जायचा-यायचा खर्च वाढेल, आणि तिसऱ्या महिन्यात तो झेपेनासा झाला की उपचार सुटायचं एक नवं कारण तयार होईल. बेळगावच्या सिव्हिलमध्ये उपचार सुरू करून गावच्या आरोग्य केंद्रातून गोळ्या घेणं, हे माझं स्पष्ट मत. बाहेर न्यायची गरज पडते ती खोकल्यातून खूप रक्त पडायला लागलं तर, मेंदूत किंवा मणक्यात टीबी असला तर, फुप्फुसाचा खराब भाग कापून काढायचा विचार असला तर, किंवा बेडाक्विलीन, लिनेझोलिडही चालत नाहीत असा रिपोर्ट आला तर. मेंदू आणि हाडांच्या टीबीला सहा महिन्यांचा हा उपचार देत नाहीत. चौदा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांनाही तो देत नाहीत. त्यांच्यासाठी नऊ ते अकरा महिन्यांचा किंवा अठरा ते वीस महिन्यांचा वेगळा उपचार आहे. दुसऱ्या कुणाला दीड वर्ष सांगितलं आणि तुमच्या भावाला सहा महिने, म्हणून घोटाळा समजू नका.

सीमाभागात राहणाऱ्यांची एक अडचण वेगळी आहे, तिच्याकडे कार्यक्रमाच्या कागदांत कुणी फारसं बघत नाही. आपली घरं कर्नाटकात, सासर गडहिंग्लजला, काम गोव्यात नाहीतर इचलकरंजीत. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, म्हणून तो इथे येतो. निपाणीची विडी वळणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला कागलला जाते. ऊसतोडणीला आलेलं जोडपं हंगाम संपला की निघून जातं. पेशंट हद्द ओलांडतो आणि त्याचं नाव अलीकडेच राहतं. नोंदीत तो 'सुटला' म्हणून लागतो, कधी खरोखरच सुटतो. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक पेशंटला निक्षयचा, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा, एक नंबर असतो आणि तो देशभर चालतो. गाव बदलायच्या आठ दिवस आधी आरोग्य केंद्रात सांगा, ते तिकडच्या केंद्राकडे नाव पाठवतात, आणि प्रवासात पुरतील एवढ्या गोळ्या सोबत मागून घ्या. नंबर मोबाइलमध्ये आणि कार्डावर, दोन्हीकडे लिहून ठेवा. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा टीबीचा मोफत क्रमांक आहे.

कार्ड आणि सूचनापत्रक कन्नडमध्ये असतं. तुमच्या आई-वडिलांना ते वाचता येत नसेल तर गोळी देणाऱ्या ताईंकडून मराठीत समजून घ्या आणि स्वतःच्या हाताने मराठीत लिहून भिंतीला लावा. विशेषतः बेडाक्विलीनचं : साधारणपणे पहिले दोन आठवडे ते रोज ४०० मिलिग्रॅम आणि नंतर आठवड्यातून तीनदाच २०० मिलिग्रॅम देतात. पंधराव्या दिवशी होणाऱ्या या बदलात घोटाळे होतात. कुणी रोजच घेत राहतं, कुणी बंदच करतं. इथले बहुतेक आरोग्य कर्मचारी दोन्ही भाषा बोलतात, विचारलं की सांगतात. विचारायला लाजू नका.

सुधारणा कशी ओळखायची? दर महिन्याच्या बेडक्याच्या तपासणीवर. किमान सात दिवसांच्या अंतराने घेतलेली सलग दोन कल्चर निगेटिव्ह आली की जंतू थांबले असं मानतात. मध्येच उत्साहाने बाहेरच्या लॅबमध्ये सीबीनॅट करू नका. ते मेलेल्या जंतूंचे अवशेषही पकडतं, उपचार चांगला चालू असताना 'पॉझिटिव्ह' येतं आणि घर उगीच हादरतं. एक्स-रेचंही तसंच. टीबीने झालेली जखम भरली तरी वण राहतो. सहा महिन्यांनी डाग दिसला म्हणून बरा झाला नाही असं होत नाही, आणि तो डाग दाखवून कुणी पुन्हा गोळ्या सुरू करायला लागलं तर आधी बेडक्याचा रिपोर्ट मागा.

उपचार संपल्यावर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी तपासणीला बोलावतात. टीबी उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच उलटतो, म्हणून पहिल्या दोन तपासण्या अजिबात चुकवू नका. काहींना बरं झाल्यावरही दम लागतो, थंडीत खोकला येतो, क्वचित थुंकीत रक्ताची रेघ दिसते. हा फुप्फुसाच्या नुकसानीचा भाग असू शकतो. त्यावर वेगळे उपचार आहेत, श्वासाचे व्यायाम आहेत. विडी-सिगारेट बंद आणि वाळूच्या धुळीतलं काम शक्यतो कायमचं बंद. मालकाशी बोलून पॅकिंगचं किंवा स्टोअरचं काम मिळतं का, हे आत्तापासून बघून ठेवा.

शेवटचा प्रश्न पोरीचा, तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी त्याचीच दिसते. योग्य औषधं सुरू झाली की संसर्ग पसरण्याचा धोका झपाट्याने उतरतो, तरी बेडका निगेटिव्ह येईपर्यंत भावाने मास्क लावावा, वेगळं झोपावं, खिडकी-दार उघडं ठेवावं. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, टीबी भांड्यांतून पसरत नाही. वहिनींचा छातीचा एक्स-रे काढून घ्या. मुलीला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एवढ्या लहान पोराला बेडका काढता येत नाही, म्हणून पोटातला द्राव किंवा शौच तपासून जंतू शोधतात. तिला टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून औषध देता येतं. पण नेहमीच्या टीबीवाल्यांच्या घरी देतात ते आयसोनियाझिड इथे भरवशाचं नाही. दक्षिण आफ्रिका आणि व्हिएतनाममधल्या अभ्यासांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये अशा घरांतल्या लोकांसाठी सहा महिने लेव्होफ्लॉक्सासिन सुचवलं आहे. दोन्ही अभ्यास एकत्र धरले तर त्याने टीबी होण्याचं प्रमाण साधारण ६० टक्क्यांनी कमी झालं. भावाच्या जंतूवर ते कूळ चालतं का, यावर ते अवलंबून आहे, आणि याच कारणासाठी तो दुसरा रिपोर्ट मुलीसाठीही लागतो. तो रिपोर्ट घेऊन जिल्हा टीबी केंद्रात जा आणि मुलीच्या औषधाबद्दल स्पष्ट विचारा. औषध मिळो न मिळो, पुढची दोन वर्षं अंगणवाडीत दर महिन्याला तिचं वजन करून घ्या. लहान मुलांत टीबी खोकल्यावाचूनही असतो, तेव्हा सलग दोन महिने वजन वाढलं नाही तर खोकल्याची वाट न बघता तिला दाखवायला आणा.